माहेर कुठलं?

मला भाऊंचा राग येतो. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, मी स्वतः आता काठी टेकत चालते, तरी येतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलेन की! चांगलं बोलण्यासारखं त्यांच्यात इतकं होतं की ऐकणाऱ्याने कंटाळून उठून जावं. तीच तर पंचाईत आहे. माणूस वाईट असता तर मी केव्हाच विसरून मोकळी झाले असते.

गिरगावात, खोताच्या वाडीच्या अलीकडच्या एका गल्लीत त्यांचं तिमजली घर होतं. खाली दुकान आणि दुकानामागे काढ्याची भट्टी. मधल्या मजल्यावर ते, वहिनी आणि बाळंतिणी. वरच्या मजल्यावर एका खोलीत मी भाडेकरू. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. भट्टीतून दशमुळांचा आणि मधल्या मजल्यावरून ओव्या-शेपाच्या धुरीचा वास वर यायचा आणि माझ्या पातळांत मुरायचा. लग्न न झालेल्या बाईच्या अंगाला बाळंतिणीच्या खोलीचा वास! मी फळ्याकडे वळले की वर्गातल्या मुली एकमेकींना कोपरं मारायच्या.

भाऊंचा धंदा बाळंतकाढ्याचा. काढा मुळात वहिनींचा, त्यांच्या आजीकडून आलेला. भाऊंनी तो बाटलीत भरला आणि बेळगावपासून नागपूरपर्यंत पोचवला. धंद्यात माणूस पक्का. बुचं पुरवणारा व्यापारी त्यांच्याशी घासाघीस करून घाम पुसत बाहेर पडायचा. तोच माणूस जिना चढून घरात आला की त्याच्या हातात काही टिकत नसे. रस्त्यात कुणाचे पाय पोळताना दिसले की भाऊ पायातल्या वहाणा काढून द्यायचे आणि अनवाणी घरी यायचे. वहिनी त्यांच्या मापाचे जोड आधीच आणून ठेवायच्या. लोक हे सांगताना गहिवरायचे. मी म्हणते, वहाणा स्वतःच्या होत्या तोवर ठीक होतं.

बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर एक चित्र होतं, मांडीवर तान्ही मुलगी घेतलेल्या आईचं. चित्रकाराने ते वहिनींना समोर बसवून काढलं होतं. मांडीवरची मुलगी म्हणजे शरयू, त्यांची एकुलती एक लेक. शरयूच्या वेळी वहिनींना माहेर उरलं नव्हतं. आईवडील गेलेले, पाठीला भाऊ नाही. भट्टीमागच्या खोलीत, उकळत्या काढ्याच्या शेजारी त्या एकट्याच बाळंत झाल्या. भाऊ दाराबाहेर बसून रडले म्हणे. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, आपले दिवस पालटले की माहेर नसलेल्या बायकांसाठी माहेर काढायचं.

आणि काढलं. गिरणगावातल्या, कामाठीपुऱ्यातल्या, कोळीवाड्यातल्या, कुठल्याही जातीच्या बायका तिथे एका ओळीत कॉटवर निजायच्या, एका पंगतीत जेवायच्या. वहिनी प्रत्येकीच्या अंगाला स्वतः तेल लावायच्या, तिला आणि तिच्या बाळाला स्वतःच्या हाताने न्हाऊ घालायच्या. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. गल्लीतल्या सोवळ्या घरांनी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला येणं सोडलं, तरी वहिनींच्या कपाळावर आठी चढली नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मानते. मानत नाही असं कुणी म्हणू नये.

दारातल्या बाकावर भाऊ बसायचे. आलेल्या बाईला आधी गूळपाणी, मग एकच प्रश्न. "माहेर कुठलं, बाई?" नवरा काय करतो, जात कोणती, काही नाही. माहेर आहे म्हणाली की तिला तिकडे जायचं भाडं, काढ्याची एक बाटली आणि बोटीवर बसवून द्यायला सोबत माणूस. नाही म्हणाली की आत. बस्स. यात बदल नाही. व्यापाऱ्याच्या गादीवर जसा एकच भाव, तसं त्यांचं होतं.

एकदा वरळी कोळीवाड्यातली एक बाई आली. पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. भाऊंनी विचारलं, "माहेर कुठलं?"

"हाय ना माहेर! सासरच्या मागच्याच आळीला."

"मग बाई, तुम्ही इथे कशा?"

"मग काय करू? भावजय दार उघडत नाय. दोनदा गेले, दोन्ही टायमाला आतून कडी घातली तिनं. त्याला माहेर बोलायचं तर बोला तुम्ही. मी नाय बोलणार."

भाऊ पेचात पडले. तिला बसवून ठेवलं आणि स्वतः गच्चीत येरझाऱ्या घालायला लागले. माझ्या डोक्यावर नुसता धपधप आवाज. मी वह्या तपासायचं सोडून दिलं. शेवटी ते खाली उतरले आणि निकाल द्यावा तसे म्हणाले, "दार उघडत नाही ते माहेर नव्हे. या आत."

हे वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की पुढे आल्यागेल्याला ते ऐकवत सुटले. मलाही आवडलं होतं. खोटं कशाला बोलू?

आता शरयूचं सांगते, म्हणजे माझा राग कुठून सुरू होतो ते कळेल. त्या वेळी गिरगावात कितीतरी घरांत मुलं आईला वहिनी म्हणायची. काका-आत्यांचं ऐकून तशीच सवय लागायची, त्यात नवल नव्हतं. पण शरयू लहानपणी चांगली 'आई' अशी हाक मारायची म्हणे. ते भाऊंनी सोडवलं. आई नसलेल्या बायका घरात आहेत, त्यांच्या कानांवर सारखं 'आई, आई' पडलं तर त्यांच्या जिवाला काय वाटेल, म्हणून. झालं! त्या पोरीची आई वहिनी झाली आणि बाबा भाऊ झाले. नुकतं बोलायला लागलेलं मूल ते. त्याच्या जिवाला काय वाटेल हा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नाही.

भाऊंचं एक पालुपद होतं, "आपल्याला काय कमी आहे?" दुसऱ्या कुणाच्या तोंडी ते समाधानाचं वाक्य वाटलं असतं. शरयूला ते ऐकलं की समजायचं, आपलं काहीतरी जाणार. चित्रकलेत पहिली आली म्हणून शाळेने तिला रंगांची पेटी दिली. ती पेटी भाऊंनी तिच्याच हातांनी दुसऱ्या नंबराच्या मुलीला द्यायला लावली. का? तर त्या मुलीचे वडील वारलेले. "आपल्याला काय कमी आहे?" टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकेने डोळे पुसले. दिवाळीचं परकर-पोलकं शिवून आलं, गेलं. बाळंतिणी वाढल्या की तिचं अंथरूणही जायचं, मग ती स्वयंपाकघरात, नाहीतर दुकानातल्या खोक्यांवर, नाहीतर वर माझ्याकडे.

माझ्या खोलीत तिची एक छोटी ट्रंक होती. आरसा, दोन रिबिनी, एक चांदीची डबी, मैत्रिणीने दिलेला रुमाल, असलं किडूकमिडूक. मी एकदा म्हटलं, "अगं, खाली ठेव की. मी शाळेत गेले की तुला लागलं तर?"

ती म्हणाली, "खाली ठेवलं की वाटलं जातं, बाई."

हे तिने रडून नव्हे, अगदी सहज सांगितलं. उन्हात ठेवलं की लोणी वितळतं म्हणावं तितक्या सहज. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तिचं लग्नसुद्धा तिचं एकटीचं झालं नाही. भाऊंनी त्याच मांडवात आणखी काही गरीब जोडप्यांची लग्नं लावली. मुहूर्त एक, मंगलाष्टकं एक, अक्षता सगळ्यांवर सारख्या. भाऊ प्रत्येक मुलीचे हात पिवळे करायला उठत होते. शरयूची पाळी शेवटी, कारण ती घरची. फोटोवाल्याने काढलेला एकही फोटो असा नाही की ज्यात ती आणि तिचा नवरा दोघंच आहेत. वर्तमानपत्रात बातमी आली. भाऊ-वहिनी म्हणजे आदर्श दांपत्य. मी ते पान चुलीत घातलं.

नवरा मात्र तिला चांगला मिळाला. लालबागला चाळीत राहायचा, गिरणीच्या हापिसात कारकून आणि बाकीचा वेळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत. भाऊ त्याच्यावर बेहद्द खूश. भाऊंनाही चळवळीचं वेड होतं. मोर्चा गल्लीच्या तोंडाशी आला की ते पाण्याची पिंपं आणि गुळाची ढेप घेऊन उभे. 'झालाच पाहिजे' म्हणताना त्यांचा आवाज चिरकायचा आणि टोपी खाली पडायची. पडलेली टोपी कुणीतरी उचलून द्यायचं, ती ते त्यालाच देऊन टाकायचे.

शरयूला दिवस गेले. सातवा महिना लागला तेव्हा ती लालबागहून आली. घरात सासू नाही, सासरा दम्याने बेजार, एक खोली आणि नवऱ्याचा पाय घरात नाही. अशा वेळी मुलगी कुठे जाते? पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणी शिकवावं लागतं? भाऊ पानावर बसले होते. वहिनी डिंक तळत होत्या. मी चुलीतून निखारा न्यायला खाली गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं.

"भाऊ, मी केव्हापासून येऊ?"

"कुठे?"

"कुठे काय? इथे. बाळंतपणाला."

भाऊंनी घास खाली ठेवला. "पण शरू, इथे माहेर नसलेल्या येतात."

"हो. मग?"

"तुला तर माहेर आहे."

"तेच म्हणते मी. मला माहेर आहे, म्हणून मी माहेरी येणार."

"म्हणजे इथे?"

"मग कुठे?"

"पण इथे तर माहेर नसलेल्या येतात."

मला हसूच फुटलं. शरयूही हसायला लागली. मग हसता हसता तिच्या लक्षात आलं की भाऊ थट्टा करत नाहीयेत.

"तू आलीस की कुणातरी बाईची कॉट अडणार," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "तिला जगात कुणी नाही. तुझ्याजवळ परळची इस्पितळं आहेत, नवरा शहाणा आहे. आपल्याला काय कमी आहे?"

तिने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान वर केली नाही. "डिंक करपेल गं," एवढंच म्हणाल्या आणि झारा फिरवत राहिल्या.

शरयू माझ्याबरोबर वर आली. ट्रंक उघडून उगाच चीजवस्तू खालीवर करत बसली. मग विचारलं, "बाई, तुम्हाला माहेर आहे?"

"आहे की. सावंतवाडीला."

"दार उघडतात?"

"अगं, त्या दाराला कडीच नाही. कुत्रीमांजरंसुद्धा विचारल्याशिवाय आत येतात."

ती हसली आणि मग एकदम रडायला लागली. "मला इस्पितळाची भीती नाही हो बाई. सगळ्या बायका सांगतात, वहिनींच्या हातचं न्हाणं म्हणजे काय न्हाणं! आमच्या चाळीतली एक इथे येऊन गेली, ती अजून त्या हातांचं कौतुक करते. मला ऐकून घ्यावं लागतं. मलाच ठाऊक नाही ते हात कसे लागतात. एकदा लागू देत ना मला. माझी आई आहे ती."

त्या घरात 'आई' हा शब्द मी तिच्या तोंडून तेव्हाच ऐकला. मी तशीच खाली गेले आणि भाऊंना म्हटलं, "ही पोर तुमच्याजवळ दया मागत नाहीये, भाऊ. स्वतःचं घर मागतेय." भाऊ शांतपणे म्हणाले, "बाई, स्वतःचं आणि परक्याचं असा भेद मी केला तर उद्या या बायकांना मी काय तोंड दाखवू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. असल्या पाण्याची मला तेव्हापासून चीड आहे.

त्यानंतर मुंबई पेटली. गोळीबार, अश्रुधूर, संचारबंदी. शाळा बंद. शरयूच्या नवऱ्याला सत्याग्रहात पकडून नेलं. ही बातमी आली तेव्हा भाऊंनी दुकानातल्या सगळ्यांना पेढे वाटले. जावई तुरुंगात गेला याचा त्यांना कोण अभिमान! लेक लालबागला दम्याच्या म्हाताऱ्यापाशी एकटी आहे, तिचे दिवस भरत आलेत, याची आठवण मी करून दिली. "चाळीतली माणसं आहेत," ते म्हणाले. "गिरणगावची माणसं म्हणजे सोनं." खरंच होतं ते. म्हणून तर ती वाचली.

एका सकाळी दूध-भाजीसाठी संचारबंदी थोडा वेळ उठली. मी दूध घेऊन परत येत होते. गल्लीत एक घोडागाडी थांबली आणि तिच्यातून आधी शरयूच्या शेजारच्या काशीबाई उतरल्या. मालवणकडच्या, अंगाने आडव्या, नवरा गिरणीत. मग त्यांच्या खांद्याला धरून शरयू. चेहरा पांढराफटक. वेणा सुरू झाल्या होत्या. तसल्या दिवसांत लालबाग ते गिरगाव ती गाडी कशी आणली ते काशीबाईंनाच ठाऊक.

भाऊ बाकावर होते. समोर एक बाई बसली होती, तिला नुकतंच विचारून झालं होतं आणि ती पाणी पीत होती. शरयूला पाहून भाऊ धावलेच. तिला हात देऊन पायरीवर घेतलं, स्वतः गूळपाणी आणून दिलं. मला वाटलं, सुटलो. त्या दिवसांत बायकांना घराबाहेर पडता येत नव्हतं म्हणून आत कॉटही रिकाम्या होत्या. मग भाऊ थबकले. बसलेल्या बाईकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. आणि या गृहस्थाने, देवाशपथ सांगते, विचारलं.

"माहेर कुठलं, बाई?"

मी ओरडले, "भाऊ!"

ते म्हणाले, "हिला आत्ताच विचारलं. हिच्यादेखत माझ्या मुलीला न विचारता आत घेऊ?"

काशीबाईंना आधी कळेचना काय चाललंय. कळलं तेव्हा त्यांचा पट्टा सुटला. "गे बाये! ह्यां तुजाच घर मां? आनि बापूस इचारता माहेर खयचा? ओ भाऊ, पोटच्या चेडवाक दारात उभा करून इचारतास? तुमका लाज कशी वाटना नाय? माझ्या घराक जागा असती तर हयसर कोन मराक इला असता?"

शरयूने त्यांच्या दंडावर हात ठेवला. एक कळ येऊन गेली, तोवर चौकट धरून उभी राहिली. मग म्हणाली, "नाही."

"काय नाही?" भाऊंनी विचारलं.

"माहेर नाही मला. दार उघडत नाही ते माहेर नव्हे. तुम्हीच ठरवलंय ना, भाऊ?"

आतल्या दारात वहिनी येऊन उभ्या होत्या. दोन्ही हात तेलाने माखलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे आशेने पाहत होते. आता तरी ही बाई नवऱ्याला बाजूला सारेल, पोरीला पोटाशी धरेल, निदान एक हंबरडा तरी फोडेल. वहिनी म्हणाल्या, "खिडकीकडची कॉट रिकामी आहे." आणि तेल सांडू नये म्हणून हात वर धरून आत वळल्या.

भाऊंनी लेकीला वाट करून दिली. "या, आत या," म्हणाले. अहो-जाहो! सगळ्यांना म्हणायचे तसं.

शरयूला मुलगी झाली. सुखरूप झाली. तिला जे हवं होतं तेही मिळालं, तिची पाळी आल्यावर. दारापासून न्हाणी सुरू व्हायची, खिडकीशी संपायची. वहिनींनी तिला इतरांपेक्षा वेगळं काही केलं नाही. मी मुद्दाम पाहत होते. तेवढंच तेल, तेवढाच शेक. फक्त तिच्या पाठीवरून हात फिरवताना त्या डोळे मिटून घ्यायच्या. एकदा शरयू म्हणाली, "खरंच हो वहिनी, बायका सांगतात ते खरं आहे." वहिनींनी पाण्याचा तांब्या तिच्या डोक्यावर ओतला.

भाऊ संध्याकाळी बाळंतिणींच्या हॉलमध्ये येत. नात पाहायला जीव तुटत असणार, ते दिसायचं. पण सरळ खिडकीशी जातील तर शपथ. पहिल्या कॉटपासून सुरुवात, प्रत्येक बाळाच्या टाळूवर हात, प्रत्येक आईची विचारपूस. खिडकीपर्यंत पोचेपर्यंत नात झोपलेली असायची. मग ते तिथे हात मागे बांधून नुसते उभे राहायचे. मला त्यांची दया यायची आणि दया आली म्हणून आणखी संताप व्हायचा. अहो, कुणी अडवलं होतं तुम्हाला? इंग्रजांचा कायदा होता का?

आणि कळस तर पुढेच आहे. शरयू जे बोलली ते भाऊंनी लोकांना अभिमानाने सांगायला सुरुवात केली! पाहुणे आले, वर्तमानपत्रवाले आले, की सांगायचे, "माझी स्वतःची मुलगी. तिलाही मी दारात विचारलं. ती म्हणाली, माहेर नाही. नियमात बसली, तेव्हाच आत घेतली." पाहुणे "वा, वा" करायचे. एकाने तर त्यांच्या पायांना हात लावला. त्या दिवशी मी जिन्यात भाऊंना अडवलं.

"भाऊ, ती तुम्हाला काय बोलली ते तुम्हाला कळलंय का?"

"काय बोलली?"

"माहेर नाही म्हणाली."

"हो. आणि खरंच बोलली, बाई. त्या वेळी मी दार उघडलं नव्हतं. मुलगी माझी खोटं बोलत नाही."

असा माणूस! याच्याशी भांडायचं कुठून? मी दुसरीकडे खोली शोधायला लागले. मिळाली नाही, ही गोष्ट वेगळी.

सव्वा महिन्यानंतर शरयू लालबागला गेली. जाताना तिची ओटी भरली, साडी दिली, लाडवांचा डबा आणि काढ्याची बाटली दिली. सगळ्यांना देत तेच आणि तेवढंच. बाटलीवर तिचंच तान्हेपणचं चित्र. वर येऊन तिने ट्रंकही नेली. नवरा पुढे सुटून आला. भाऊंनी हार घेऊन माणूस पाठवला. ती मात्र फिरकली नाही. गौरी-गणपती झाले, दसरा झाला. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला वहिनींनी पाट मांडून ठेवला होता, पाडव्याला शेवया करून ठेवल्या होत्या. दोन्ही दिवस कुणी आलं नाही.

भाऊबीजेला आली.

भाऊबीजेला त्या दारात बायकांची रांग लागायची. तिथे बाळंत झालेल्या सगळ्या, मुलांना नटवून, ताटं घेऊन भाऊंना ओवाळायला यायच्या. त्यांना कुठला भाऊ? भाऊ पाटावर बसत, गंधाने कपाळ भरून जाई. परळच्या चाळीतली एक बाई नुकतीच बौद्ध झाली होती, ती ताटाऐवजी फुलं घेऊन आली. "आम्ही आता हे पाळत नाय, भाऊ, पण तुम्हाला भेटायला आले," म्हणाली. भाऊंनी तिलाही हात जोडले, खण-नारळ दिला. चांगलं दृश्य होतं, कुणालाही आवडावं असं. त्याच रांगेत, मध्यावर, कडेवर मूल आणि हातात ताट घेऊन शरयू उभी होती.

मी तिला म्हटलं, "अगं, तू रांगेत कशाला?"

"माझीही इथे बाळंतपणाची कॉट होती ना, बाई," ती म्हणाली.

तिची पाळी आली. भाऊंचा चेहरा उजळला. तिने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. बापाला! भाऊ म्हणून! भाऊंनी तिच्या ताटात सगळ्यांसारखीच ओवाळणी घातली आणि तिच्या मुलीच्या गालाला हात लावायला गेले, तर मागची बाई ताट घेऊन पुढे सरकली होती.

दाराशी वहिनी करंडा घेऊन निघणाऱ्या बायकांना कुंकू लावत होत्या. शरयू समोर आली. कुंकू लावून त्यांनी तिची हनुवटी धरली. "आज राहा गं," म्हणाल्या.

"इथे राहायला दिवस भरावे लागतात, वहिनी."

"मग पुन्हा केव्हा येशील?"

"पुढच्या भाऊबीजेला. सगळ्याजणी येतात तेव्हा."

ती वाकून नमस्कार करून पायऱ्या उतरली. रागाचा एक शब्द नाही, आवाज चढवणं नाही. मला मात्र राहवलं नाही. सगळ्या बायकांसमोर मी ओरडले, "वहिनी, अहो पाहता काय? जा ना! हाक मारा तिला. अजून गल्लीतच आहे ती."

वहिनींच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी एकदा गल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जाऊ कशी हो, बाई? मागे बायका खोळंबल्यात."